सोडला, फेकला की निसटला? गतीच्या आणि पडणाऱ्या वस्तूंच्या गणितांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात मी नववी ते अकरावीच्या लेकरांना भौतिकशास्त्र शिकवतो. औसा, रेणापूर, निलंगा, अहमदपूर, कुठून कुठून लेकरं येतात आणि गतीचा धडा लागला की पंधरा दिवसांत तेच ते प्रश्न विचारतात. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो येतो, खाली दोनच शब्द: "सर, सुटंना." त्या फोटोंना उत्तरं देता देता हे पान जमलं. क्रम पुस्तकातला नाही. जिथं जास्त लेकरं अडतात त्यावर जास्त लिहिलंय.

तिन्ही समीकरणं तोंडपाठ आहेत, तरी गणित सुटत नाही. चुकतं कुठं?

बहुतेकांचं गणितात चुकत नाही, क्रियापदात चुकतं. उदाहरणातलं क्रियापद नीट वाचलं की अर्धी माहिती तिथंच मिळते. आकडा छापलेला नसतो, पण तो क्रियापदात दडलेला असतो.

"दगड सोडला" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. "फेकला" म्हणजे हातानं त्याला वेग दिला. तो किती आणि कुठल्या दिशेला, हे शोधायचं. "निसटला" किंवा "सुटला" म्हणजे ज्याच्या हातून निसटला त्याचा त्या क्षणी जो वेग होता, तोच दगडाचा. इथं सगळ्यात जास्त लेकरं फसतात. "गाडी निघाली" म्हणजे सुरुवातीला शून्य. "गाडी थांबली" म्हणजे शेवटी शून्य. "पूल ओलांडला" म्हटलं तर गाडी आधीपासून पळतच होती, कुठलाच वेग शून्य धरायचा नाही. "आदळला" म्हणजे जमिनीला टेकायच्या ऐन आधीचा वेग. "कमाल उंची गाठली" म्हणजे त्या टोकाला वर जाण्याचा वेग शून्य.

आपली अडचण अशी की बोलताना आपण सगळ्यालाच "टाकला" म्हणतो. दगड विहिरीत टाकला. आता तो नुसता हातातून सोडला का जोर लावून खाली फेकला, हे "टाकला"मधून कळत नाही. सेमी इंग्रजीची लेकरं तर इंग्रजीतलं उदाहरण वाचून मनात मराठी करतात, आणि सोडला असो की फेकला, दोन्हींचं "टाकला" होतं. मग सुरुवातीचा वेग कधी शून्य धरतात, कधी धरत नाहीत, उत्तर येईल तसं. म्हणून माझ्या वर्गात "टाकला" शब्दाला बंदी आहे. पहिला आठवडा लेकरं हसतात, नंतर एकमेकांना टोकायला लागतात.

तीनपैकी कुठलं समीकरण लावायचं, हे कसं ओळखायचं?

राशी एकूण पाच: सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण (वेग बदलण्याचा दर), वेळ आणि विस्थापन (निघाल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट). पुस्तकात त्यांना यू, व्ही, ए, टी, एस म्हणतात. उदाहरणात तीन दिलेल्या असतात (काही क्रियापदात), एक विचारलेली असते. उरली एक. जिचं नावच निघालं नाही ती राशी ज्या समीकरणात नाही, ते समीकरण घ्यायचं.

विस्थापनाचा उल्लेख नाही? शेवटचा वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ. शेवटच्या वेगाचा उल्लेख नाही? विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग. वेळेचा उल्लेख नाही? शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन.

आणि चौथं एक आहे, पुस्तकं त्याला फारसा मान देत नाहीत: विस्थापन = दोन्ही वेगांची सरासरी × वेळ. त्वरण दिलेलं नसेल तेव्हा हेच लावा. मला तर चौघांत हेच आवडतं, कारण ते पाठ करावं लागत नाही, नुसतं पटावं लागतं.

एक अट मात्र विसरायची नाही. ही चारही समीकरणं त्वरण एकसमान असेल तरच चालतात. गर्दीच्या रस्त्यानं थांबत, पळत, पुन्हा थांबत जाणाऱ्या एसटीच्या पूर्ण प्रवासाला ती लावू नका.

सर, दगड वर जायलाय तर त्वरण खाली कसं? धन घ्यायचं का ऋण?

दगड कुठंही जाईना, पृथ्वी त्याला खालीच ओढते. या ओढीचं त्वरण म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८: दर सेकंदाला वेगात सेकंदाला ९.८ मीटरचा बदल. त्वरण ओढीच्या दिशेला असतं, प्रवासाच्या दिशेला नसतं. हे दोन वेगळे आहेत हे मान्य केलं की चिन्हांची भीती निम्मी होते.

नियम एकच: सुरुवातीला वहीवर बाण काढा आणि "वर धन" किंवा "खाली धन" लिहून टाका. दोन्ही बरोबर आहेत. गणित संपेपर्यंत बदलायचं तेवढं नाही. "वर जाताना ऋण ९.८, खाली येताना धन ९.८" असं शिकवलेलं घेऊन बरीच लेकरं येतात. सोप्या उदाहरणात ते चालूनही जातं. पण "निसटला" आलं की कोलमडतं. हे बघा.

उन्हाळ्यात विहिरीचं खोदकाम चालू आहे. तळाशी माणसं दगड भरतात आणि यारीनं बादली वर ओढली जाते. बादली सेकंदाला २ मीटर वेगानं वर येत असताना, तळापासून १२ मीटर उंचीवर तिच्यातून एक दगड निसटतो. तो तळाला किती वेळात पोचेल?

दहातली आठ लेकरं सुरुवातीचा वेग शून्य धरतात आणि १.५६ सेकंद काढतात. पण दगड बादलीबरोबर वर चालला होता. बादलीनं त्याला सोडलं म्हणून तो वेग एका क्षणात जात नाही. निसटल्यावर तो आधी आणखी २० सेंटिमीटर वर जातो, मग खाली यायला लागतो.

वर धन घेऊ. सुरुवातीचा वेग २, त्वरण ऋण ९.८, विस्थापन ऋण १२, कारण दगड शेवटी निसटल्या जागेच्या १२ मीटर खाली आहे. मधे तो वर गेला होता याच्याशी विस्थापनाला काही देणंघेणं नाही. म्हणजे ऋण १२ = २ × वेळ − ४.९ × वेळेचा वर्ग. वर्गसमीकरण सोडवलं की १.७८ सेकंद येतात. तळाला आदळतानाचा वेग सेकंदाला साधारण १५.५ मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या वर. खाली काम करणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट का हवं, ते या आकड्यात आलं.

चढण्याचं आणि उतरण्याचं वेगळं गणित करायची गरजच पडली नाही. चिन्हं नीट ठेवली की समीकरण दोन्ही एकत्र सांभाळून घेतं. आता खाली धन घेऊन स्वतः करून बघा. उत्तर तेच येईल. नाही आलं तर मधेच कुठंतरी बाण फिरवलाय.

त्याच गणितात वेळेचं दुसरं उत्तर ऋण १.३७ आलं. ते खोडायचं ना?

उत्तर म्हणून लिहायचं नाही, पण खोडण्याआधी त्याच्याकडे एकदा बघा. ते म्हणतंय की हाच दगड, बादली नसतीच तर, १.३७ सेकंद आधी विहिरीच्या तळातून १५.५ मीटरच्या वेगानं वर फेकलेला असता, तरी निसटण्याच्या क्षणी तो नेमका तिथंच आणि त्याच वेगानं असता. समीकरणाला यारी माहीत नाही. त्याला फक्त गुरुत्व माहीत आहे.

वरच्या टोकाला वेग शून्य होतो. मग त्वरणही शून्य का नाही?

चिंचेला दगड मारलाय कधी? दगड टोकाला पोचला, वेग शून्य झाला. त्या क्षणी त्वरणही शून्य झालं असतं तर दगड वेग बदलणार कसा? तो तिथंच, चिंचेच्या शेंड्याजवळ, लटकून राहिला असता. तो खाली येतो याचाच अर्थ त्या क्षणीही त्वरण ९.८ च आहे. वेग शून्य असणं आणि वेग बदलत असणं या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात.

मोबाइल फरशीवर पडला की थांबतोच. मग आदळतानाचा वेग शून्य का धरायचा नाही?

कारण थांबवलं ते फरशीनं, गुरुत्वानं नाही. ९.८ हे त्वरण फरशीला टेकेपर्यंतच लागू. टेकल्यापासून थांबेपर्यंत वेगळं बळ, वेगळं त्वरण, म्हणजे वेगळं गणित. एका समीकरणात दोन्ही कोंबले की "१ मीटरवरून सोडलेल्या मोबाइलचा शेवटचा वेग शून्य" असं लिहिलं जातं आणि मार्क जातात.

दोन्ही टप्पे वेगळे करून बघण्यात मजा आहे. १ मीटर उंचीवरून मोबाइल ०.४५ सेकंदात खाली येतो आणि सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटरनं आदळतो. सायकल साधारण तेवढ्याच वेगानं चालते. आता फरशीनं त्याला समजा २ मिलिमीटरमध्ये थांबवलं. तेवढ्या अंतरात ४.४ चा शून्य व्हायला सरासरी त्वरण लागतं गुरुत्व त्वरणाच्या ५०० पट. तोच मोबाइल आजीच्या गोधडीवर पडला आणि ५ सेंटिमीटर दबून थांबला, तर फक्त २० पट. इथं आकडेमोड करायचीही गरज नाही: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, म्हणजे उत्तर. १ मीटर भागिले २ मिलिमीटर, ५००. हे कुठल्याही पडणाऱ्या वस्तूला लागू आहे. का, ते तिसरं समीकरण दोनदा लिहून काढा, दोन ओळींत दिसेल.

जड वस्तू आधी पडते की हलकी? खरं खरं सांगा.

हवा नसेल तर दोन्ही बरोबर. जड दगडाला पृथ्वी जास्त बळानं ओढते हे खरंच आहे, पण त्याला हलवायलाही तितकंच जास्त बळ लागतं. दुप्पट वस्तुमान, दुप्पट ओढ, त्वरण तेच.

गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात यावर एक युक्तिवाद केलाय, तो वर्गात सांगितला की एक क्षण शांतता पसरते. समजा जड दगड भरभर पडतो आणि हलका हळू. दोघांना दोरीनं बांधलं. आता हलका जडाला मागं ओढणार, म्हणून जोडी जडापेक्षा हळू पडली पाहिजे. पण जोडीचं मिळून वजन जडापेक्षा जास्त, म्हणून ती जडापेक्षा वेगानंही पडली पाहिजे. एकच जोडी हळूही आणि वेगानंही? म्हणजे सुरुवातीचं गृहीतच खोटं.

२ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. तिथं हवा नाही. दोन्ही एकाच वेळी मातीला टेकले. उंची साधारण १.६ मीटर होती आणि चंद्रावरचं गुरुत्व त्वरण १.६२, म्हणून त्यांना १.४ सेकंद लागले. इथं तेवढ्याच उंचीवरून हातोड्याला ०.५७ सेकंद पुरतात.

चंद्रावर जाणं होणार नसेल तर वही घ्या. तिच्यापेक्षा लहान कागदाचा तुकडा वहीवर सपाट ठेवा आणि वही आडवी धरून सोडा. कागद वहीला चिकटल्यासारखा खाली येतो, कारण हवा वहीनं अडवून धरलेली असते. मग तोच कागद सुटा सोडा.

पण आमच्या शेतात कापूस आणि ढेकूळ बरोबर पडत नाहीत.

नाहीच पडणार. "हवेचा अवरोध नगण्य माना" हे वाक्य गणितात असतं, शेतात नसतं. ढेकळाला हवेचा अडथळा त्याच्या वजनापुढं किरकोळ, कापसाच्या पुंजक्याला मात्र वजनाइतकाच. पडताना वेग वाढला की अवरोध वाढतो, आणि अवरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. त्याला अंतिम वेग म्हणतात. कापूस तो क्षणात गाठतो आणि मग तरंगत येतो.

यावरून पावसाचं बघा. वळवाचा टपोरा थेंब १ किलोमीटरवरून हवा नसताना पडला, तर समीकरणाप्रमाणे जमिनीजवळ त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वर भरेल. असा पाऊस झाला असता तर सोयाबीन राहिलं नसतं आणि आपणही. प्रत्यक्षात पाच मिलिमीटरचा मोठा थेंबसुद्धा सेकंदाला साधारण ९ मीटरच्या पुढं जात नाही.

गारेचं मात्र तसं नाही. थेंब फार मोठा झाला की फुटतो, गार फुटत नाही, वाढत जाते. आकार चौपट झाला की वजन चौसष्ट पट होतं, पण हवा ज्याला अडते ते क्षेत्रफळ फक्त सोळा पट. म्हणून मोठी गार नुसती जड नसते, ती खाली येतेही जास्त वेगानं. आकार चौपट तर अंतिम वेग साधारण दुप्पट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिनं हरभरा आणि गहू झोपवला, बागा सोलून काढल्या. ज्यांनी ती पाहिलीय त्यांना अंतिम वेग समजावून सांगायला मला कधी चित्र काढावं लागलं नाही.

दगड सोडून विहिरीची खोली मोजता येते का?

येते, पण पाण्यापर्यंतची. विहीर किती खोल आहे ते नाही. आणि मे महिन्यात पाणीच नसलं तर तळापर्यंतची. जुनी माणसं खोली परसात (पुरुषभर उंचीच्या मापात) सांगतात, आता फुटात सांगतात, आपण मीटरमध्ये काढू. आधी दोन गोष्टी: आत कोणी नाही याची खात्री करा, आणि कठडा नसलेल्या विहिरीवर वाकू नका. ओंजळीतला खडा पुरे, धोंडा लागत नाही.

खडा सोडला (सोडला!) आणि "डुबुक" बरोबर २ सेकंदांनी ऐकू आलं. ४.९ × २ × २ = १९.६ मीटर. हुशार लेकरू लगेच विचारतं, आवाज वर यायलाही वेळ लागतो ना? लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे २ सेकंदांतला थोडा वेळ आवाजाचा, बाकीचा खड्याचा. वर्गसमीकरण मांडलं की खड्याला १.९४५ सेकंद आणि खोली १८.५ मीटर येते. फरक १.१ मीटरचा, साधारण साडेतीन फुटांचा.

पण खरी गंमत पुढं आहे. पाण्याजवळ पोचताना खड्याचा वेग सेकंदाला १९ मीटरच्या वर असतो. तुमचं बोट मोबाइलच्या घड्याळावर दशांश सेकंद मागंपुढं झालं, तरी उत्तर जवळजवळ २ मीटरनं हलतं. म्हणजे आवाजाची दुरुस्ती करून मिळवलं त्याहून जास्त बोटानं घालवलं. म्हणून एकदा मोजून वर्गसमीकरणाशी झटापट करण्यापेक्षा दहा वेळा मोजून सरासरी घ्या आणि मग दुरुस्ती करा. शेवटी दोर सोडून पडताळा. माझ्या गावाकडच्या आडावर पहिल्या खेपेला माझं उत्तर दोरापेक्षा नऊ फुटांनी चुकलं होतं, आणि तेव्हा मी शिक्षक झालो होतो.

गोफणीतून आडवा सुटलेला दगड आणि हातातून सोडलेला दगड, आधी कुठला पडेल?

ज्वारीत पाखरं हाकायला माळ्यावर उभे आहात. दगड ३ मीटर उंचीवरून अगदी आडवा सुटला, सेकंदाला २५ मीटर वेगानं. त्याच क्षणी दुसरा दगड नुसता सोडला. रान सपाट असेल तर दोन्ही ०.७८ सेकंदात जमिनीवर. गोफणीचा दगड तेवढ्यात साडेएकोणीस मीटर पुढं गेलेला असतो, इतकंच.

लेकरांना हे पटत नाही. "सर, त्याला जोर दिलाय की." जोर आडवा दिलाय. खाली ओढणारी पृथ्वी दोघांना सारखीच आहे आणि उभ्या दिशेत दोघांचाही सुरुवातीचा वेग शून्य आहे. आडवं आणि उभं अशी वहीची दोन पानं करा. या पानावरचं त्या पानावर न्यायचं नाही. दोघांत एकच गोष्ट सामाईक, ती म्हणजे वेळ.

इथंही "निसटला" आहेच. दसरा झाला की रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. ताशी १८ किलोमीटरनं (सेकंदाला ५ मीटर) चाललेल्या ट्रॉलीवरून अडीच मीटर उंचीवरची मोळी निसटली, तर ती निसटल्या जागेच्या खाली पडत नाही, साडेतीन मीटर पुढं पडते. मागून त्याच वेगानं मोटारसायकलवर जाणाऱ्याला वाटतं मोळी सरळ खाली पडली. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याला ती पुढं झेपावताना दिसते. दोघंही खरं बोलतात.

गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं का १०? आपल्याकडं नेमकं किती आहे?

प्रश्नपत्रिकेत दिलंय ते. काहीच दिलं नसेल तर बोर्डाला ९.८. स्पर्धा परीक्षांत बऱ्याचदा १० दिलेलं असतं, आणि तिथं कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून ते बरं पडतं.

ध्रुवावर ते ९.८३, विषुववृत्तावर ९.७८. मराठवाड्यात ९.७८ आणि ९.७९ च्या मधे. देवगिरीचा किल्ला धापा टाकत चढलात तरी दशांशानंतर चौथ्या स्थानावर फरक पडेल. धाप लागते ती त्यामुळं नाही.

एक सोय सांगतो: सोडलेली वस्तू १, २, ३, ४ सेकंदांत एकूण ४.९, १९.६, ४४.१ आणि ७८.४ मीटर पडते. परीक्षकांना हे आकडे फार प्रिय. दिसले की वर्गमूळ काढत बसू नका. आणि प्रत्येक सेकंदात वेगवेगळं किती पडली ते बघितलं तर १ : ३ : ५ : ७ असं विषम संख्यांचं प्रमाण निघतं. हेही गॅलिलिओचंच.

वर जायला आणि खाली यायला सारखाच वेळ लागतो ना?

फेकल्या पातळीलाच परत आला तर, आणि हवा धरली नाही तर. गच्चीवरून वर फेकून अंगणात पडला तर नाही. हवा धरली तर खाली यायला जास्त वेळ लागतो: वाटेत वेग खर्च झालेला असतो, म्हणून प्रत्येक उंचीवर उतरताना तो चढतानापेक्षा कमी भरतो.

ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटर करताना ५/१८ का १८/५?

माणूस चालतो ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दीडेक मीटरही नाही. ताशी किलोमीटरवरून सेकंदाला मीटरकडे येताना आकडा लहान झाला पाहिजे, म्हणून ५/१८. उलटं केलं की चालणारा माणूस सेकंदाला १८ मीटर पळायला लागतो.

जाताना ताशी ६०, येताना ४०. सरासरी ५० लिहिलं तर चूक का?

कारण ४० नं जास्त वेळ चालवली. गाव ते तालुका २४ किलोमीटर धरा. जायला २४ मिनिटं, यायला ३६. एकूण ४८ किलोमीटर, एक तास. सरासरी चाल ताशी ४८. आणि सरासरी वेग? शून्य, कारण संध्याकाळी तुम्ही परत घरीच आहात. चाल आणि वेग यांतला फरक याहून स्वस्तात समजत नाही.

ब्रेकच्या गणितात वेग दुप्पट तर अंतर चौपट कसं?

तिसऱ्या समीकरणात वेगाचा वर्ग आहे म्हणून. काळी-पिवळी जीप ताशी ३६ नं (सेकंदाला १०) चालली आहे, वळणावर म्हशी दिसल्या. ब्रेकनं सेकंदाला ५ मीटरनं वेग कमी होतो. ब्रेक लागल्यावर १० मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ असेल तर ४० मीटर. शिवाय म्हशी दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर गेला, तर तेवढ्यात आधीच १० किंवा २० मीटर गेलेले असतात. एकूण २० मीटर विरुद्ध ६०. परीक्षेत हा सेकंद दिलेला असतो आणि लेकरं तो वाचत नाहीत. त्या सेकंदात त्वरण शून्य आहे, म्हणून तो टप्पा वेगळा करायचा.

आलेखात दगडाचा मार्ग वाकडा का दिसतो? तो तर सरळ वर गेला होता.

तो मार्ग नाही. आडव्या रेषेवर वेळ आहे, जमीन नाही. वेग-वेळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण, आणि खालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. वर फेकलेल्या दगडाचा वेग-वेळ आलेख एक सरळ उतरती रेषा असते, टोकावरसुद्धा न वाकणारी. मघाचा टोकाचा प्रश्न अजून अडत असेल तर ही रेषा काढून बघा.

पालकांचा प्रश्न: मुलगा रोज वीस गणितं सोडवतो, तरी मार्क पडत नाहीत. अजून एक क्लास लावू का?

नका. वीसऐवजी पाच सोडवू द्या, पण पाचही उदाहरणं मोठ्यानं वाचून, चित्र काढून, "सुरुवात कुठं धरली, शेवट कुठं धरला" हे तुम्हाला तोंडी सांगून. तुम्हाला भौतिकशास्त्र येत नसलं तर उलट बरं. तो सांगताना अडखळला की तुम्हालाही कळेल, त्यालाही.

उत्तर बरोबर आलं की नाही, मागचं पान न बघता कसं ओळखायचं?

१० घेऊन तोंडी अंदाज काढा: ३ सेकंद पडला तर वेग तिसाच्या आसपास, अंतर पंचेचाळीसच्या आसपास. वहीतलं उत्तर ४४.१ आलं तर ठीक, ४४१ आलं तर दशांशचिन्ह शोधा. मग एकक बघा. मग गावाकडचं काही आठवून त्याच्याशी ताडा. मागच्या वर्षी चाचणीत एका पोरीनं विहिरीची खोली १९६० मीटर काढली, दोन रेघा मारून अधोरेखितही केली. मी शेजारी फक्त लिहिलं, "पाणी लागलं का?" तिनं पेपर परत मिळाल्यावर घरी वडिलांना विचारलं, आपल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं होतं. ते म्हणाले साडेपाचशे. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, १९६० मीटर म्हणजे सहा हजार फुटांच्या वर जायलंय. दोन शून्यं मीच वाढवलीत."